सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी

रावेर तालुक्यातील मुलांस केळीची बाग दाखवावी लागत नाही. मृगबाग कोणती, कांदेबाग कोणती, केळ निसवली म्हणजे काय झाले, हे तेथील मूल शिक्षकांपेक्षाही चांगले सांगते. बागेस पाणी कोठून मिळते असे विचारल्यास 'विहिरीतून' हे उत्तरही तत्काळ येते. विहिरीत ते कोठून आले, हा पुढचा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. आणि या तालुक्याच्या शेतीचे भवितव्य त्याच प्रश्नाशी बांधलेले आहे.

तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी. सुकी, भोकर यांसारख्या नद्या डोंगरातून वेगाने उतरतात. पायथ्याशी उतार एकाएकी कमी होतो, पाण्याचा वेग मंदावतो, आणि त्याने वाहून आणलेले धोंडे, गोटे व रेती तेथेच पडतात. हजारो वर्षे हे घडत आल्यामुळे चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतून डोंगराच्या कडेने गोट्या-रेतीचा एक खोल पट्टा तयार झाला आहे. भूशास्त्रात त्यास 'बझाडा' म्हणतात. नदीचे पाणी या पट्ट्यात आले की पुष्कळसे जिरते आणि जमिनीखालून सावकाश तापीकडे सरकते. वाटेत ज्या विहिरी लागतात त्यांचे झरे ते हेच.

वर्गात ही गोष्ट सहज दाखविता येते. दोन सारखे डबे घेऊन दोहोंच्या तळास छिद्रे पाडावीत. एकात गोटे व जाड रेती, दुसऱ्यात कालवून थापलेली काळी माती भरावी आणि दोहोंत एकेक पेला पाणी ओतावे. पहिल्यातून पाणी लगेच खाली उतरते. दुसऱ्यात ते वरच उभे राहते. नंतर पहिल्या डब्यातील रेतीवर चिखलाचा पातळ थर पसरून पुन्हा पाणी ओतावे. आता तेथेही पाणी अडते. डोंगरावरील माती धुपून नदीपात्रात बसली म्हणजे बझाड्याचे तोंड बुजते, हे मुलांस या एका प्रयोगाने कळते.

या पाण्याची जाण जुन्या लोकांस होती. रावेरच्या पूर्वेस, राज्याची सीमा ओलांडली की बऱ्हाणपूर लागते. तेथे १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना याच्या काळात, सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी जमिनीखालील बोगद्यात गोळा करून शहरास पुरविण्याची योजना झाली. बोगद्यावर ओळीने शंभरांहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या आहेत. म्हणूनच त्यास कुंडी भंडारा म्हणतात. पाणी उपसण्यास तेथे मोट नव्हती की यंत्र नव्हते. उताराने जेवढे येई तेवढेच मिळे.

रावेरचा हिशेब याहून वेगळा आहे. केळीस वर्षाकाठी सुमारे १,८०० मिलिमीटर पाणी लागते आणि तालुक्यात पाऊस पडतो सुमारे ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. म्हणजे हेक्टरभर बागेस १ कोटी ८० लाख लिटर हवे, आणि आकाशातून उतरते ७० लाख. त्यातलेही सगळे मुळांस लाभत नाही. उरलेले एक कोटीहून अधिक लिटर विहिरीतून येते. मोटेच्या दिवसांत बैलांची ताकद हीच उपशाची मर्यादा होती. विजेचे पंप आले, मागून विंधनविहिरी आल्या, आणि ती मर्यादा गेली. जिरते त्याहून अधिक उपसले जाऊ लागल्याने यावल व रावेर तालुक्यांतील भूजल उतरत गेले. कित्येक ठिकाणी आज शेकडो फूट खाली जावे लागते.

जळगाव जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ठिबक सिंचन पसरले, हे या कथेतील मोठे पाऊल होय. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या हेक्टरभर बागेत सुमारे ४,३०० झाडे असतात. पाटाने पाणी सोडले तर ते दांडात मुरते, उन्हात उडते. नळीने दिले तर झाडाच्या बुडाशी पडते व बरेच वाचते. तथापि वाचलेले पाणी शेजारच्या एकरात नवी केळ लावण्यास वापरले, तर भूजलास त्यातून काहीच मिळत नाही. ही गोष्ट ठिबकच्या गुणगानात बहुधा राहून जाते.

उपशास मर्यादा घालण्याचा जुना दाखला खानदेशातच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी काही शतके फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडास द्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी. विहीर ज्याची त्याची असते. तिच्याखालचे पाणी मात्र फडाइतकेच सामाईक आहे.

पुनर्भरणाच्या योजनाही आहेत. तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. परंतु शेतकऱ्याच्या हाती आजच असलेले काम बांधावरचे आहे. घड कापल्यावर केळीचे खांब रस्त्याच्या कडेस टाकतात किंवा वाळवून जाळतात. केळ हे पालाशाचे भुकेले पीक. ते पालाश पुष्कळसे खांबात व पानांत उरलेले असते. ते तुकडे करून बागेतच पसरले तर जमीन झाकली जाते, मे महिन्याच्या झळांत ओल टिकते आणि कुजल्यावर खत होते. बागेभोवती शेवरी लावण्याची रीत वारा अडविण्यासाठी आहे. तिच्या मुळांनी बांधाची मातीही धरली जाते. पावसाचे पाणी विहिरीत सोडावयाचे असल्यास ते आधी गोटे व रेती भरलेल्या खड्ड्यातून गाळून घ्यावे. गढूळ पाणी थेट सोडल्यास झरेच बुजतात.

शाळेजवळील एका विहिरीची पातळी वर्षातून दोनदा मोजावी: दिवाळीनंतर एकदा आणि वैशाखात एकदा. दगड बांधलेली दोरी शिक्षकांनी स्वतः सोडावी. मुलांस काठापासून दूर उभे करावे. ओली झालेली दोरी कोठून सुरू होते ते पाहून काठापासून पाण्यापर्यंतची खोली मुलांकडून मोजवून घ्यावी आणि तारखेसह वहीत नोंदवावी. वही शाळेच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे पुढील वर्षीच्या वर्गास ती मिळेल.