कोंबडीखतातील जड धातू आणि कोळशाचा इलाज

गेल्या महिन्यात माझा भाचा एक गोणी घेऊन दुकानावर आला. गोणीवर मोठ्या अक्षरांत छापलेले होते, "बायोचारयुक्त, धातुमुक्त खत". कोंबडीखत कुजवून विकण्याचा त्याचा विचार आहे. म्हणाला, "मामू, हा दुसऱ्याचा माल आहे. आपणही असेच छापू, भाव चांगला मिळेल." मी कापडाचा माणूस. पण तीस वर्षे रंगाच्या आणि मालाच्या तक्रारी ऐकलेल्या, म्हणून "मुक्त" हा शब्द खटकला. जाणकारांना विचारले, वाचले आणि जे कळले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो. आपल्या समाजातील अनेक तरुण कोंबडीपालनात आणि गोठ्याच्या धंद्यात आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा.

धातू येतात कुठून?

कोंबडीच्या खाद्यात तांबे आणि जस्त मिसळलेले असते. जनावराला त्याची गरज असते, पण थोडीच. जास्तीचा भाग विष्ठेतून बाहेर पडतो. खाद्यातील खनिज मिश्रण हलक्या दर्जाचे असेल तर त्यातून कॅडमियम आणि शिसेही येऊ शकते. अमेरिकेत तर कोंबडीच्या खाद्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक असलेली औषधे अनेक दशके दिली जात होती. त्यांपैकी रोक्सार्सोनची विक्री २०११ मध्ये थांबली आणि शेवटचे औषध २०१५ च्या अखेरीस बाजारातून गेले.

आता खरी अडचण बघा. खत कुजते तेव्हा त्यातील सेंद्रिय भाग वायू होऊन उडून जातो आणि ढीग कमी होतो. धातू मात्र उडत नाही. समजा, सुक्या वजनाने १००० किलो कोंबडीखतात किलोमागे २०० मिलिग्रॅम तांबे आहे, म्हणजे एकूण २०० ग्रॅम. कुजून माल ६०० किलो राहिला, तर तांबे किलोमागे ३३३ मिलिग्रॅम झाले. तोट्यात गेलेल्या दुकानासारखे आहे. माल घटला, देणे तेवढेच राहिले.

आपल्याकडे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा ठरलेल्या आहेत. किलोमागे तांबे ३००, जस्त १०००, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, कॅडमियम ५ आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम. वरच्या उदाहरणातला माल कच्चा असताना या मर्यादेत होता, पक्का झाल्यावर बाहेर गेला.

कोळसा काय करतो?

बायोचार म्हणजे शेतातील काडीकचरा कमी हवेत, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजून केलेला कोळसा. उघड्यावर पेटवले तर राख होते, हवा रोखली तर कोळसा राहतो. आपल्या भागात पऱ्हाटी, तुरीच्या काड्या आणि भाताचे तूस मुबलक आहे. सुक्या मालाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कोळसा मिळतो.

या कोळशाच्या अंगात असंख्य बारीक छिद्रे असतात, आणि त्याच्या पृष्ठभागावर धातूला धरून ठेवणाऱ्या जागा असतात. शिवाय तो अल्कधर्मी असतो, त्यामुळे तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम यांची पाण्यात विरघळण्याची ताकद कमी होते. त्यातील फॉस्फेट आणि कार्बोनेटशी मिळून काही धातू न विरघळणाऱ्या रूपात बसतात.

कापडवाल्यांना हे लवकर समजेल. नुसता रंग लावला तर पहिल्या धुण्यात उतरतो, तुरटीने बांधला तर टिकतो. रंग कापडातून गेलेला नसतो, फक्त सुटत नाही. बायोचार धातूला तसाच बांधतो. धातू खतातच असतो, पण पिकाच्या मुळाला आणि विहिरीच्या पाण्याला कमी मिळतो. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात, म्हणून ही गोष्ट लहान नाही.

करायचे कसे?

कोळसा ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक करून, कुजवायला टाकतानाच सुक्या वजनाच्या ५ ते १० टक्के मिसळावा. ओल ५० ते ६० टक्के ठेवावी आणि ढीग वरचेवर उलथवावा. आतली उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत गेली पाहिजे. अमोनिया कमी उडतो, त्यामुळे वासही कमी होतो आणि नत्रही वाचते. कोळसा दळताना तो ओला करावा, नाहीतर धूळ छातीत जाते.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. रंगवलेले लाकूड, जुन्या खिडक्या-दारे, प्लायवूड यांचा कोळसा करू नये. त्यातलेच धातू खतात येतील. आर्सेनिकच्या बाबतीत कोळसा उलटा पडू शकतो, कारण अल्कधर्मी वातावरणात ते अधिक सुटते. शहरी कंपोस्टचा सामू ६.५ ते ७.५ असावा लागतो, कोळसा जास्त झाला तर तो वर जातो. आणि पुढे जमीन आम्लधर्मी झाली तर बांधलेला धातू पुन्हा सुटू शकतो. सगळ्यात स्वस्त इलाज तर उगमापाशीच आहे. खाद्यात तांबे-जस्त गरजेपेक्षा जास्त घालू नये. युरोपीय संघाने डुकराच्या पिलांच्या खाद्यातील औषधी झिंक ऑक्साइड २०२२ च्या जूनपासून बंद केले, ते याच कारणासाठी.

लेबलावर काय लिहावे?

आता भाच्याच्या गोणीकडे येऊ. प्रयोगशाळेत दोन वेगळ्या तपासण्या होतात. एक एकूण धातूची, दुसरी पिकाला मिळू शकणाऱ्या धातूची. बायोचारने दुसरा आकडा घटतो. पहिला घटला, तर तो केवळ भर पडल्यामुळे. वरच्या ६०० किलोमध्ये १०० किलो कोळसा राहिला तर तांबे किलोमागे २८६ मिलिग्रॅम दिसेल. कायद्याच्या मर्यादेत आले, पण एकूण तांबे तेच २०० ग्रॅम. शेतात जास्त गोण्या टाकल्या की तेवढेच जमिनीत जाणार. म्हणून "धातुमुक्त" लिहिणे खोटे आहे.

धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्या व्यापाऱ्याला विचारले की ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता. आपल्या सर्वांना हा किस्सा माहीत आहे. खताच्या गोणीलाही तो लागू आहे. शेतकरी गोणी उघडून धातू बघू शकत नाही. तो फक्त छापलेले वाचतो.

मी भाच्याला सांगितले, दर खेपेला दोन्ही तपासण्या करून घे आणि दोन्ही आकडे गोणीवर छाप. एकरी किती टाकायचे तेही लिही. पहिल्या हंगामात भाव कमी मिळेल. तो म्हणाला, "गिऱ्हाईक आकडे वाचतं का, मामू?" एक वाचणारा निघाला की गावात दहा जणांना सांगतो, हे मी कापडात पाहिलेले आहे. त्याने पहिला नमुना तपासायला दिला आहे. इन्शाअल्लाह, बरकत त्यातच आहे.