ईसीजीच्या रेषांत डॉक्टरांना न दिसणारे

ईसीजीच्या कागदावरचा एक लहान चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो आणि दहा सेकंदांत हृदयाचे दहा-बारा ठोके त्यावर उमटतात. लाट किती उंच, किती रुंद, दोन ठोक्यांत अंतर किती, हे डॉक्टर त्या चौकोनांवरून मोजतात. विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइंटहोव्हेन यांनी हे तंत्र रुजवले; त्याबद्दल त्यांना 1924 चे नोबेल मिळाले. तेव्हा रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. आज छातीवर जेल लावून पाच-दहा मिनिटांत काम होते.

याच साध्या चाचणीतून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये काही वेगळे शोधले. सुमारे 45 हजार रुग्णांचे ईसीजी आणि त्यांच्याच इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) निकाल त्यांनी संगणकाला जोडीने दाखवले. हृदयाची पंपिंगची ताकद 35 टक्के किंवा त्याहून कमी असलेली माणसे ओळखायला त्याला शिकवायचे होते. असे हृदय बऱ्याचदा काही त्रासच देत नाही, आणि नुसत्या ईसीजीवरून ही ताकद डॉक्टरांना सांगता येत नाही. संगणकाला मात्र ते जमले. एक दुबळ्या आणि एक धडधाकट हृदयाचा ईसीजी समोर ठेवला, तर शंभरपैकी 93 वेळा तो दुबळे हृदय बरोबर ओळखतो. त्याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासात ईसीजी पुरुषाचा की बाईचा, हेही त्याने शंभरात नव्वद वेळा अचूक सांगितले. कोणत्या लाटेवरून, ते तो सांगत नाही.

ओळखले, पण पुढे काय? 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 22 हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांच्या डॉक्टरांना संगणकाचा अहवाल मिळत होता. त्यांच्याकडे हृदयाची पंपिंगची ताकद कमी असल्याचे निदान 2.1 टक्के रुग्णांत झाले, इतरांकडे 1.6 टक्के. म्हणजे हजारामागे पाच माणसे जास्त सापडली, आणि ही छोटी गोष्ट नव्हे. तरीही संगणकाने धोक्याचे म्हटलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांचाच इको झाला. या साऱ्या संशोधनात हा आकडा सर्वांत जास्त बोलतो.

मनगटावरच्या घड्याळांनी सूचना दिली तरी पुढची तपासणी लागतेच. स्टॅनफर्ड विद्यापीठाने अॅपलच्या घड्याळावर 4 लाख 19 हजार लोकांचा अभ्यास केला. अनियमित ठोक्यांची सूचना अर्ध्या टक्क्याला आली. सूचनेनंतर ज्यांनी छातीवर पट्टी लावून तपासणी पुरी केली, त्यांच्यापैकी 34 टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांच्या लयीतला दोष सापडला. हा दोष येतो-जातो, त्यामुळे बाकीच्यांची सूचना खोटीच होती असे म्हणता येत नाही.

मुळात यंत्राचे माप चुकले तर हुशार संगणकही चुकणार. कोरोनात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर घ्या. 2020 च्या एका अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची घट त्याच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटली होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या आपल्या देशात असे प्रत्येक यंत्र आपल्याच माणसांवर पारखून घ्यायला हवे.

घड्याळाने सूचना दिली, तर दवाखान्यात जाऊन बारा लीडचा ईसीजी काढा. त्या कागदावरच्या रेषा कालांतराने पुसट होतात, म्हणून फोटो काढून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना तुलनेला उपयोगी पडतो. आणि छातीत दुखत असेल तर घड्याळाकडे पाहत बसू नका. ते हार्ट अटॅक ओळखत नाही. 108 ला फोन करा.