मळीतल्या पेशीची जागती भिंत

मेढा म्हटलं की वेण्णेचं खोरं, भात आणि अलीकडची स्ट्रॉबेरी आठवते. पण याच जावळी तालुक्यात खाली कुडाळच्या बाजूला ऊस उभा असतो. सातारा-सांगलीचा ऊसपट्टा तिथूनच सुरू होतो म्हणायला हरकत नाही. भुईंजचा किसन वीर, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, रेठऱ्याचा कृष्णा ही कारखान्यांची नावं या भागात पोरासोरांनाही पाठ असतात. गाळप झालं, साखर पोत्यांत गेली, की मागे उरते काळी, दाट मळी. तिच्यातली उरलेली साखर खाऊन अल्कोहोल तयार करणारा जीव मात्र कुणाच्या तोंडी नसतो. तो म्हणजे यीस्ट, शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. एकेक पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी.

या पेशीला टाकीत काय सोसावं लागतं ते पाहा. मळीत पाणी घालून वॉश तयार करतात. सुरुवातीला त्यात साखर आणि क्षार इतके असतात की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. आंबवण जोरात आलं की उष्णता वाढते, कारण साखर मोडताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. एप्रिल-मेमध्ये टाकी थंड ठेवणं हीच आसवनीतल्या माणसांची मोठी काळजी असते. शेवटी शेवटी तर यीस्टनं स्वतः केलेलं अल्कोहोलच त्याला बाधू लागतं. हे सगळं झेलायला बाहेरच्या बाजूला असते फक्त एक भिंत, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा फार तर त्याच्या दुप्पट जाड.

पेशीच्या आत पाण्याचा दाब सतत असतो. सायकलची ट्यूब टायरशिवाय फुगवली तर फुटेल, तसंच पेशीचं पातळ पटल भिंतीशिवाय टिकणार नाही. ही भिंत मुख्यतः ग्लुकन नावाच्या शर्करासाखळ्यांची. तिच्या बाहेरच्या अंगाला मॅनोज शर्करा लागलेली प्रथिनं असतात आणि भिंतीत इतरत्र थोडंसं काइटिन, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच. पेशीच्या कोरड्या वजनाचा 15 ते 30 टक्के भाग एकट्या भिंतीचा. एवढा खर्च कुठलाही जीव उगाच करत नाही.

पण मला खरं नवल वाटतं ते या भिंतीवरच्या पहाऱ्याचं. पटलात रुतलेली आणि भिंतीत डोकं घुसवलेली काही प्रथिनं आहेत. डब्ल्यूएससी-1 आणि मिड-2 ही त्यांतली दोन महत्त्वाची. 2009 मध्ये संशोधकांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईनं डब्ल्यूएससी-1चा एकच रेणू पकडून ओढून पाहिला, तेव्हा तो अगदी स्प्रिंगसारखा ताणला गेला. भिंत ताणली किंवा तिच्याखालचं पटल हललं की हा रेणूही ताणला जातो आणि आत वर्दी पोहोचते. ती आरएचओ-1 या प्रथिनाकडे जाते, तिथून पीकेसी-1कडे, आणि पुढे एकामागून एक प्रथिनं जागी करत एसएलटी-2पर्यंत. एसएलटी-2मुळे केंद्रकातली दुरुस्तीची जनुकं चालू होतात. आरएचओ-1 तर दुहेरी काम करतं: निरोप पुढे देतं आणि ग्लुकन विणणाऱ्या विकरालाही स्वतः चालना देतं. तापमान 37-39 अंशांवर गेलं की ही साखळी जागी होते. गोड पाकातली पेशी एकदम साध्या पाण्यात टाकली, तरीही होते. तेव्हा पाणी आत घुसून पेशी फुगते आणि भिंतीवर ताण येतो.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डेव्हिड लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेनं पीकेसी-1चं जनुक काढून टाकलेलं यीस्ट वाढवून पाहिलं. पेशी फुटून गेल्या. माध्यमात सॉर्बिटॉल घालून बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या जवळ आणला, तेव्हा त्याच पेशी जगल्या. या एका प्रयोगात साखळीचं सगळं मोल कळतं.

आपल्याकडे या विषयाशी जवळचं नातं आहे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं. उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह तिथं जपला जातो, यीस्टचे अनेक वाण त्यात आहेत. तिथंच डॉ. मुकुंद देशपांडे यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी या बुरशीवर दीर्घकाळ काम केलं. ही बुरशी तापमान आणि ग्लुकोजप्रमाणे कधी यीस्टच्या रूपात राहते, कधी तंतूंच्या. रूप बदलायचं तर भिंत नव्यानं रचावी लागते, म्हणून त्यांचं लक्ष होतं काइटिन घडवणाऱ्या आणि तोडणाऱ्या विकरांवर. असलं चिकाटीचं काम वर्तमानपत्रांत फारसं येत नाही. ते यायला हवं.

कारण बुरशीच्या अशाच भिंतीशी दवाखान्यातही गाठ पडते. माणसाच्या पेशीला भिंत नसते. म्हणून भिंतीवर घाव घालणारं औषध बुरशीला मारतं आणि रुग्णाला तुलनेनं कमी त्रास देतं. कॅस्पोफंजिन हे असं औषध 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते ग्लुकनची विणाई थांबवतं. 2009 मध्ये जपानमधून प्रथम नोंदल्या गेलेल्या कॅन्डिडा ऑरिस या रोगकारक बुरशीवर जुनी औषधं बरेचदा चालत नाहीत, तिथं याच गटातल्या औषधांवर भिस्त असते. पण पहारा तिथंही जागा असतो. ग्लुकन कमी पडतंय हे कळताच कॅन्डिडाच्या पेशी काइटिन वाढवून भिंत सावरतात आणि औषधाचा मारा काही प्रमाणात सोसतात. म्हणून संशोधक आता दोन्ही वाटा एकदम अडवून पाहताहेत. काइटिनची घडण रोखणारं निक्कोमायसिन-झेड हे द्रव्य ग्लुकनविरोधी औषधाच्या जोडीला दिलं, तर प्रयोगशाळेत कॅन्डिडावर दोघांचा मिळून होणारा परिणाम एकेकट्यापेक्षा बराच जास्त दिसला आहे.