गाडी विजेची, काळजी चाकांची

विजेवरची मोटार आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडेही नवलाची राहिलेली नाही. २०२० च्या जानेवारीत टाटांची विजेवरची नेक्सॉन बाजारात आली, पाठोपाठ टियागो आली, २०२४ मध्ये चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्रांच्या नव्या गाड्या जाहीर झाल्या. गिअर नाही, क्लच नाही, धूर नाही. रात्री घरी प्लग लावायचा, सकाळी काढायचा. त्यामुळे ज्या घरात पूर्वी मोटार म्हणजे ‘ह्यांचं’ खातं होतं, तिथे या गाडीची किल्ली बघता बघता आपल्या पर्समध्ये आली. मुलांची शाळा, बाजार, माहेर, नोकरी, सगळीकडे आपणच ती नेतो.

आणि या गाडीला काही करावंच लागत नाही, असं आपण मानून चालतो. इंजिन ऑइल नाही, प्लग साफ करणं नाही, ऑइल फिल्टर नाही. मग करायचं तरी काय? इथेच गफलत होते. पेट्रोलच्या गाडीचे टायर जिथे ४० हजार किलोमीटर चालले, तिथे विजेच्या गाडीचे २५-३० हजारांतच गुळगुळीत झाले, ही तक्रार आता ठिकठिकाणी ऐकू येते. टायर बनवणाऱ्या कंपन्याही मान्य करतात, की साधे टायर या गाडीवर वीसेक टक्के किंवा त्याहूनही लवकर झिजू शकतात. खालचे शॉक ॲब्सॉर्बर आणि रबरी बुशही लवकर बोलू लागतात. असं का होतं, हे एकदा समजून घेतलं की उपाय आपल्याच हातात आहेत.

ही झीज येते कुठून?

पहिलं कारण वजन. या गाडीच्या पोटाखाली बॅटरीची मोठी पेटी असते. सुरुवातीच्या विजेच्या नेक्सॉनचं वजन साधारण १४०० किलो होतं. म्हणजे तिच्या पेट्रोलवरच्या बहिणीपेक्षा दीड-दोनशे किलो जास्त. आपल्या भाषेत सांगायचं तर तांदळाचे २५ किलोचे सहा-आठ कट्टे डिक्कीत कायमचे ठेवून गाडी चालवायची! गाडी रिकामी असो की भरलेली, हे कट्टे उतरत नाहीत. त्यांचा भार टायरवर, स्प्रिंगवर आणि शॉक ॲब्सॉर्बरवर चोवीस तास असतो.

दुसरं कारण जोर. पेट्रोलची गाडी हळूहळू वेग घेते. विजेची मोटर मात्र पाय ठेवल्या क्षणी सगळी ताकद चाकाला देते. सिग्नल हिरवा झाला की गाडी सुर्रकन पुढे जाते, तेव्हा गंमत वाटते. पण त्या प्रत्येक झटक्याला पुढच्या टायरचं थोडं रबर रस्त्यावर घासलं जातं.

तिसरं कारण सहसा कोणी सांगत नाही. एक्सलरेटरवरून पाय उचलला की ही गाडी आपोआप मंदावते आणि त्यातून थोडी वीज परत बॅटरीत भरते. यात ब्रेकचे पॅड वाचतात हे खरं. पण गाडी थोपवण्याचा जोर चाकांमधूनच जातो, म्हणून टायरची सुटका नाही. शिवाय बहुतेक गाड्यांत मोटर पुढच्या चाकांना जोडलेली असते. ओढायचं त्यांनीच, थोपवायचंही त्यांनीच. मग पुढची जोडी आधी झिजली तर नवल काय?

त्यात आपले रस्ते

ही तीन कारणं पुण्या-मुंबईच्या बाईलाही लागू आहेत. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. घुग्घुस, राजुरा, बल्लारपूरकडचे कोळशाचे ट्रक, गडचांदूरकडचे सिमेंटचे, आणि गडचिरोलीत सूरजागडचं लोहखनिज घेऊन एटापल्ली-आलापल्लीकडून येणारे ट्रक. या वजनाखाली डांबर दबतं आणि चाकांच्या चाकोऱ्या पडतात. वरोरा-भद्रावतीकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा रस्ता लाटांसारखा होतो. जंगलपट्ट्यात रस्ता अरुंद, डांबराची कड तुटलेली. समोरून एस.टी. आली की आपण गाडी खाली उतरवतो आणि परत वर घेताना त्या धारदार कडेला टायरची बगल घासते. टायरचा सर्वांत नाजूक भाग तोच.

आणि ऊन! चंद्रपूरचा मे महिना मी तुम्हाला वेगळा सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे गेला की सिमेंटच्या रस्त्यावर चाकाखाली काय होत असेल, याची कल्पना करा. टायरमध्ये हवा कमी असेल तर तो प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, आतून तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडला की हवेच्या दाबात साधारण एका पौंडाचा फरक पडतो. म्हणजे जानेवारीच्या थंडीत भरलेली हवा आणि मे महिन्यातली हवा यांचा मेळ बसणारच नाही.

म्हणून हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना तपासावी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पंपावरचा मुलगा सवयीने पेट्रोलच्या गाडीचा आकडा भरतो, त्याच्यावर सोडू नये. आणि भर दुपारी लांबून आल्यावर दाब जास्त दिसला, तरी हवा काढायला लावू नका. तो तापल्यामुळे वाढलेला असतो. रात्री टायर थंड झाला की हवा कमी पडेल.

टायर काय सांगतो?

आपली चप्पल एका बाजूने झिजली की आपण म्हणतो, पाय वाकडा पडतोय. टायरचंही अगदी तसंच आहे. पंधरा दिवसांतून एकदा चारही टायरांवरून नजर आणि हाताचा तळवा फिरवा.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा कमी राहते आहे.

मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत, तर हवा जास्त भरली जाते आहे.

आतली किंवा बाहेरची एकच कड झिजली, तर व्हील अलाइनमेंट बिघडलं आहे. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून पाहावी लागते.

जागोजागी खळगे पडल्यासारखं हाताला लागलं, तर शॉक ॲब्सॉर्बर थकला असेल किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल.

बगलेला फुगवटा किंवा खोल चीर दिसली, तर आतला धागा तुटला असं समजा. त्या टायरवर लांबचा प्रवास मुळीच करू नका, तो बदलायचाच.

टायरच्या खाचांमध्ये तळाशी बारीक उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की खाच १.६ मिलिमीटरच उरली. कायद्याने त्याखाली टायर वापरता येत नाही. पण आपल्याकडचा पाऊस पाहता इतकी वाट पाहूच नये. मृगाच्या आधीच निर्णय घ्यावा.

खालून खटखट आली तर

पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत खालचे आवाज बुडून जातात. ही गाडी मुकी, म्हणून ते आवाज लगेच कानावर येतात. हा तिचा दोष नव्हे, तो आपला फायदाच आहे. गतिरोधकावर ‘खट्’ झालं, खड्ड्यात ‘टक-टक’ झालं, गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढली गेली किंवा ब्रेक लावताना नाक फार खाली गेलं, तर एखादी लिंक, बुश किंवा बॉल जॉइंट ढिला झाला असण्याची शक्यता आहे. चाकाच्या आत डोकावून पाहा. शॉक ॲब्सॉर्बर तेलाने ओला दिसला तर तो गळतो आहे.

आता गॅरेजमधला प्रसंग. आपण सांगतो, “खालून आवाज येतो हो.” उत्तर मिळतं, “मॅडम, इलेक्ट्रिक गाडी आहे, असा वाटतोच.” इथे गप्प बसून परत यायचं नाही. आवाज कधी येतो, कोणत्या बाजूने, किती वेगाला, हे घरूनच कागदावर लिहून न्या. मेकॅनिकला शेजारी बसवून खराब रस्त्यावर एक चक्कर मारून आणा. आणि तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह जॉब कार्डवर लिहून घ्या. वॉरंटीच्या काळात पहिल्यांदा केलेली तक्रार लेखी असेल, तर पुढे तीच कामाला येते. खालचा एखादा भाग बदलला, तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यायला विसरू नका. नाहीतर नवा भाग आणि नवा टायर दोन्ही वाया!

स्टेपनी आहे का, आधी पाहा

हे मात्र आजच पाहा. डिक्कीचा तळ उचला. स्टेपनी आहे का? २०२० पासून सरकारने नियमात सवलत दिली आहे, की ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर कंपनीला स्टेपनी न देताही गाडी विकता येते. बऱ्याच विजेच्या गाड्यांत म्हणूनच स्टेपनीच्या जागी एक बाटली आणि छोटा पंप असतो. बाटलीतला चिकट द्रव खिळ्याचं छोटं भोक बुजवतो. पण डांबराच्या कडेने बगल फाटली तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही.

आता विचार करा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. वडसा किंवा आरमोरीकडे रात्रभर नाटक पाहून पहाटे पाच जणं परत निघालात. गाडी भरलेली, रस्ता जंगलाचा, मोबाइलला रेंज नाही, आणि टायरची बगल फाटली. तिथे बाटली कामाची नाही, आणि ताडोब्याच्या या मुलखात अंधारात खाली उतरून उभं राहणंही शहाणपणाचं नाही. म्हणून मूल, गडचिरोली, आलापल्लीकडे नेहमी जाणं असेल, तर आपल्या गाडीला बसेल अशी स्टेपनी, जॅक आणि पाना विक्रेत्याकडे मागून घ्या. डिक्कीतली थोडी जागा जाईल, जाऊ द्या.

पंक्चरवाल्याला दोन गोष्टी आठवणीने सांगा. पहिली, जॅक फक्त कंपनीने खूण केलेल्या जागीच लावायचा; भलतीकडे लावला तर बॅटरीच्या पेटीला इजा होईल. दुसरी, गाडी बंद पडली तर दोरखंड बांधून टोचन करायचं नाही. चाकं फिरली की मोटर फिरते आणि बिघाड वाढतो. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

थोडा हिशेब

समजा, चार टायरांचा संच २८,००० रुपयांना पडला. तो ४० हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरमागे ७० पैसे. २५ हजारच चालला तर १ रुपया १२ पैसे. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराला हा फरक पाच हजारांवर जातो. विजेमुळे वाचलेले पैसे असे रबरात घालवले, तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला अशी गत व्हायची. तेव्हा घरखर्चाच्या वहीत ‘टायर’ असं वेगळं पान करा आणि किलोमीटरमागे एक रुपया दरमहा बाजूला टाका. संच बदलायची वेळ येईल तेव्हा कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

नवा टायर घेताना स्वस्ताईच्या मोहात पडू नका. बगलेवर मापाच्या पुढे एक आकडा असतो, तो भार पेलण्याचा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. जुन्या टायरवर जो आकडा असेल त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर दुकानदाराने कितीही गोड बोलून दिला तरी घेऊ नये. शेवटचे चार आकडे बनवल्याची तारीख सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल तेवढ्यावरून ओळखता येतो.

लक्षात ठेवा

- दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड टायरची हवा तपासावी.
- दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून घ्यावेत. त्याच वेळी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. मोठा खड्डा जोरात आदळला तर लगेच.
- निघताना पाय हलका ठेवावा. गावात ‘इको’ मोड पुरे.
- ब्रेक खड्ड्याच्या आधी लावावा आणि खड्ड्यात चाक जाताना सोडावा. ब्रेक दाबलेला असताना चाक आदळलं, की सगळा मार सस्पेन्शनला बसतो.
- डिक्कीत नको ते सामान साठवू नये. तांदळाचे ते सहा-आठ कट्टे आधीच आहेत, हे विसरू नका!

या कामाला ना ताकद लागते, ना हात काळे होतात. हवा मोजायचा छोटा गेज कोणत्याही टायरच्या दुकानात मिळतो. उद्या सकाळी अंगणात सडा घालायला बाहेर पडाल, तेव्हा चहा उकळेपर्यंतच्या वेळात एक फेरी गाडीभोवती मारा, आणि पुढच्या डाव्या टायरपासून सुरुवात करा. आपल्या रस्त्यांवर खाली उतरणारी बाजू तीच.