अर्ध्या राक्षसाला रूम कोण देणार?

आमच्या विंगमध्ये एकाने फँटसी कादंबरी लिहायला घेतलीय. हिरो अर्धा माणूस, अर्धा राक्षस. शिंगं किती इंचांची, आग तोंडातून की हातातून, यावर रात्री दोनपर्यंत चर्चा चालते. मी आपलं विचारलं, "तो राहतो कुठे? त्याला मुलगी कोण देतं? बापाची जमीन त्याच्या नावावर होते का?" सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

कॉन्व्हेंटमध्ये मला भेटलेला सैतान शंभर टक्के सैतान होता, त्यात अर्धा-पाव काही नाही. पण सुट्टीत श्रीपूरला गेलो की आजी घटोत्कचाची गोष्ट सांगायची. आई हिडिंबा राक्षसी, बाप भीम. मुलगा होईपर्यंतच भीम तिच्याजवळ राहणार, असं आधीच ठरलेलं. मुलगा झाला, करार संपला. कुंती मात्र नातवाला सांगते की पाची पांडवांचा थोरला मुलगा तू, आम्हाला मदत कर. म्हणजे थोरलेपणाचं काम मिळालं, हक्काचं कुणी बोललंच नाही. गादीसाठी त्याचं नाव कधी निघत नाही. वनवासात द्रौपदी चालून थकली की उचलून न्यायला घटोत्कच. युद्धात चौदाव्या दिवशीच्या रात्री कर्णापुढे उभं राहायलाही घटोत्कचच. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली इंद्राची शक्ती त्याच्यावर टाकली. पांडव रडत होते आणि कृष्ण आनंदाने नाचत होता. वर म्हणतो, कर्णाने मारलं नसतं तर मलाच याला मारावं लागलं असतं, हा यज्ञांचा वैरी. हा भाग आजी नेहमी गाळायची. मी नंतर वाचला तेव्हा तिचा जरा रागच आला.

आता दुसरी बाजू. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली जे मनाली करून आले, त्यांनी हिडिंबेचं लाकडी देऊळ पाहिलं असेल. ते १५५३ सालचं आहे. कुल्लूचं राजघराणं तिला आजी मानतं, तिथला दसरा तिच्याशिवाय सुरू होत नाही. बाई तीच, फक्त गाव बदललं. रावण आणि बिभीषण तर एकाच आईबापाचे, बाप ऋषी, आई राक्षसी. तेव्हा रक्ताची टक्केवारी काढून काही कळत नाही. कोणाला गरज आहे आणि नोंद कोण ठेवतंय, ते बघावं लागतं.

नोंदीवरून आठवलं. १८७१ साली इंग्रजांनी कायदा केला आणि पुढे काही जमातींची पोरं पाळण्यातच गुन्हेगार ठरू लागली. यांना शिंगं नव्हती, म्हणून रजिस्टर केलं! आमच्याच जिल्ह्यात, सोलापूरला, अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोज हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. स्वातंत्र्य आलं तरी हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

माझा एक मित्र तिथला. फर्स्ट इयरला आम्ही दोघं रूम शोधत होतो. एका घरमालकाने चहा दिला, भाडं ठरलं, मग पत्ता विचारला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "पुतण्या यायचाय, रूम नाही." तेव्हापासून मित्र पत्ता विचारला की नुसतं 'सोलापूर' म्हणतो.

कादंबरीवाल्याला हे सगळं सांगितलं. शिंगांचं पान त्याने बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मग माझ्या हिरोच्या फॉर्मवर पत्ता काय टाकू?" आम्ही अजून ठरवतोय.