वन्यप्राणिदर्शन

वन्य प्राण्यांना त्यांच्या नैसर्गिक अधिवासात, त्यांच्या नित्यक्रमात शक्यतो व्यत्यय न आणता पाहणे, यास वन्यप्राणिदर्शन म्हणतात. या अर्थी रूढ झालेला ‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतील असून तो प्रवासवाचक अरबी शब्दापासून आला आहे. मराठीतील ‘सफर’ हा शब्दही त्याच मूळचा. पूर्वी सफारी ही मुख्यत्वे शिकारीची मोहीम असे. पुढे बंदुकीची जागा दुर्बीण व कॅमेरा यांनी घेतली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे या बदलास कायद्याचे बळ मिळाले.

टांझानियातील सेरेंगेटीच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात नू व झीब्रा यांचे कळप दूरवरूनही दिसतात. मध्य भारतातील पानझडी वनांत झाडोऱ्यामुळे दृष्टी फार लांब पोहोचत नाही. तेथे प्राणी दिसण्यापूर्वी बहुधा त्याची चाहूल लागते. म्हणून डोळ्यांइतकेच कानांनाही महत्त्व असते.

वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्प हे अशा वनाचे उदाहरण होय. धाम नदीकाठच्या पवनारहून नागपूर रस्त्याने सेलूस व तेथून हिंगणीमार्गे बोरधरण येथील प्रवेशद्वारापर्यंत जाता येते. येथे १९७० मध्ये अभयारण्य स्थापन झाले. लगतची वनक्षेत्रे जोडून २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्यात आला. त्याचे गाभा क्षेत्र सु. १३८ चौ. किमी. असून देशातील लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. साग, ऐन, तेंदू व बांबू या येथील प्रमुख वनस्पती. वाघ, बिबट्या, अस्वल, कोळसून (रानकुत्रा), सांबर, चितळ, भेकर, नीलगाय (रोही) व रानडुक्कर हे प्राणी येथे आढळतात. बोर धरणाचा जलाशय उन्हाळ्यात त्यांचा मोठा आधार असतो.

दर्शनाची पहिली फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते. रात्री वाघ पुष्कळदा मऊ धुळीच्या वाटेने चालतो. त्यामुळे वाहनांच्या चाकांनी मोडण्यापूर्वी त्याची पावले स्पष्ट दिसतात. वाघाच्या पावलात नखे उमटत नाहीत, कोळसुनाच्या पावलात ती उमटतात. चितळाची तीक्ष्ण शीळ, सांबराचा खणखणीत ठणका, भेकराचे भुंकणे आणि वानराचे खाकरणे हे धोक्याचे इशारे होत. झाडावरील वानराला हिंस्र प्राणी आधी दिसतो आणि त्याच्या हातून गळलेला पाला खाण्यास जमलेली चितळे त्याच्या इशाऱ्याने सावध होतात. एका चितळाचे ओरडणे कधी फसवे असते. परंतु सांबर एकाच दिशेस तोंड करून वारंवार ओरडू लागल्यास वाघ किंवा बिबट्या जवळपास असल्याचे जाणकार समजतात.

ऊन वाढताच बहुतेक प्राणी सावलीत विसावतात व दुपारी वन निःशब्द होते. सायंकाळी ते पाणवठ्याकडे वळतात. एप्रिल-मे महिन्यांत पाने गळालेली व पाणी मोजक्या ठिकाणी उरलेले असल्याने दर्शनाचा संभव सर्वाधिक असतो. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद ठेवले जाते. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची प्रथा महाराष्ट्रात होती. व्याघ्रगणनेसाठी आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतलेली छायाचित्रे वापरतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने त्यांवरून तो ओळखता येतो.

दर्शनाच्या या छंदातच प्राण्यांना अपाय करण्याचा संभवही असतो. एका वाघाभोवती अनेक वाहने गोळा झाली, तर त्याची वाट अडते, शिकार हुकते आणि पिले असलेली वाघीण जागा बदलते. म्हणून प्राण्यापासून अंतर राखणे, शांतता पाळणे व वाहनातून न उतरणे हे नियम घालण्यात आले आहेत. बोरसारख्या लहान क्षेत्रात वाढलेले तरुण वाघ नव्या प्रदेशाच्या शोधात बाहेर पडतात. पेंच व ताडोबा यांच्या दिशेने जाणाऱ्या त्यांच्या वाटा शेते, रस्ते व गावे यांमधून जातात. रोही व रानडुकरे कपाशी, तूर यांसारख्या पिकांची नासाडी करतात आणि गुरे वाघाच्या तोंडी पडतात. वाटाड्या, वाहनचालक व निवासव्यवस्था यांतून होणारी मिळकत या गावांना मिळाली, तरच वनाच्या रक्षणात त्यांचे हित राहते. ज्या वाघासाठी प्रवासी येतात, त्याच्या शेजाराची झळ गावकऱ्यांना वर्षभर सोसावी लागते. वन्यप्राणिदर्शनाची व्यवस्था ठरविताना हा मुद्दा निर्णायक मानावा लागतो.