सोवळ्यापलीकडचे पावित्र्य

दरवर्षी १ नोव्हेंबरला कॅथलिक ख्रिस्ती समाज 'सर्व संतांचा सण' साजरा करतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी मृतांचे स्मरण करतो. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या दफनभूमींतील कबरी त्या सुमारास स्वच्छ केल्या जातात. त्यांच्यावर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. पहिल्या दिवसाचा सण केवळ दिनदर्शिकेत नाव असलेल्या संतांचा नाही. ज्यांची कोणीही नोंद ठेवली नाही, अशा असंख्य पुण्यात्म्यांचाही तो सण आहे. वेदीवर ज्यांची मूर्ती कधीच बसणार नाही, अशा माणसांनाही संत मानणाऱ्या या श्रद्धेत 'पवित्र' कोणाला म्हणायचे?

मराठी वाचकाला हा प्रश्न जरा अडखळवतो, कारण 'पवित्र' या शब्दाभोवती आपल्याकडे सोवळ्याचा गंध आहे. पवित्र म्हणजे शुद्ध, न विटाळलेले, स्पर्शापासून जपलेले. बायबल मराठीत आणताना भाषांतरकारांनी हाच शब्द स्वीकारला आणि त्याच्याबरोबर त्याची जुनी छायाही आली. मूळ हिब्रू शब्द 'कादोश' असा आहे. त्याचा आशय 'वेगळे काढलेले', 'देवासाठी राखलेले' असा सांगितला जातो. वेगळेपण दोन्हीकडे आहे. मात्र कशापासून वेगळे आणि कशासाठी वेगळे, यावर सारे अवलंबून आहे.

याचे उत्तम उदाहरण 'लेवीय' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सापडते. देव पवित्र आहे म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र व्हावे, अशी आज्ञा आरंभीच येते. पुढे उपासतापासांची यादी असेल अशी वाचकाची अपेक्षा होते. प्रत्यक्षात सांगितले आहे ते असे : शेताची कापणी करताना कडेचे पीक गरिबांसाठी उभे ठेवावे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. वजनेमापे खरी असावीत. वृद्धासमोर उठून उभे राहावे. परक्या माणसाला आपल्यासारखेच वागवावे. अर्थात दोन जातींच्या धाग्यांचे वस्त्र घालू नये, असे कर्मकांडाचे नियमही याच अध्यायात आहेत, हे सांगितले पाहिजे. तरीही पावित्र्याची कसोटी देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर काढून शेताच्या बांधावर आणि दुकानाच्या तराजूत ठेवणारा हा मजकूर आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळल्यावर अडकवून ठेवणारा मालक इथे केवळ कंजूष नाही. तो अपवित्र आहे.

येशूच्या चरित्रात हा विचार अधिक टोकदार होतो. कुष्ठरोग्याला तो हात लावून बरे करतो. न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवर आक्षेप घेतला जातो, तेव्हा तो म्हणतो की, माणसाला विटाळवते ते बाहेरून पोटात जाणारे अन्न नव्हे, तर आतून बाहेर पडणारा दुष्टपणा. विटाळ हा संसर्गजन्य आहे, ही समजूत इथे उलटी झाली. पावित्र्यच स्पर्शाने पसरू लागले.

पुढे संत पौल आपल्या पत्रांत सर्वसामान्य ख्रिस्ती मंडळींना 'पवित्र जन' म्हणतो. करिंथची मंडळी तर मुळीच आदर्श नव्हती. तिथे तट पडले होते, बांधव एकमेकांना न्यायालयात खेचत होते आणि प्रभुभोजनाच्या वेळी काही जण उपाशी राहत, तर काही जण पिऊन तर्र होत. तरीही पौल त्यांना त्याच नावाने हाक मारतो आणि मग खडसावतो. म्हणजे पावित्र्य हे आधी मिळवायचे प्रशस्तिपत्र नसून, मिळालेल्या नावाला जागण्याची जबाबदारी ठरते.

काळाच्या ओघात हा अर्थ आक्रसत गेला. मठवासी आणि धर्मगुरू पवित्र, संसारी माणूस दुय्यम, अशी विभागणी रूढ झाली. मार्टिन ल्यूथरने तिच्यावर घाव घातला. विवाहित जीवनावरील १५२२ सालच्या लेखनात तो बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचे उदाहरण देतो. लोक त्या बापाला हसतात. पण तो हे काम श्रद्धेने करत असेल, तर देव आणि देवदूत प्रसन्न होतात, असे त्याचे म्हणणे. कॅथलिक चर्चने हीच दिशा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्टपणे घेतली. नोव्हेंबर १९६४ मध्ये जाहीर झालेल्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजाचा पाचवा अध्याय पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, असे सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या आपल्या प्रबोधनपत्रात 'शेजारच्या घरातील' संतांविषयी लिहिले आहे. त्यातील गृहिणी बाजारात भेटलेल्या शेजारणीबरोबर निंदानालस्तीत सामील व्हायचे टाळते आणि घरी आल्यावर दमलेली असूनही मुलाचे बोलणे ऐकून घेते. उदाहरण साधे वाटते. करून पाहणाऱ्याला ते तसे वाटणार नाही.

संतपदाच्या यादीतही हा बदल उमटला. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. मात्र १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई आणि झेली मार्टिन या फ्रेंच दांपत्याला एकत्रितपणे संतपद मिळाले, तेव्हा कारण हौतात्म्याचे नव्हते. लुई घड्याळजी, तर झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवणारी. नऊ मुलांपैकी चार त्यांनी लहानपणीच गमावली. झेलीच्या पत्रांत देवाइतकीच मुलांची आजारपणे आणि कामाच्या मागण्या आहेत. त्यांची धाकटी कन्या तेरेझा पुढे लिझ्यूच्या मठात गेली. कपडे धुताना समोरची भगिनी नकळत घाण पाणी तोंडावर उडवी. चेहरा पुसून तिला ते जाणवू द्यायचे नाही, हा तेरेझाने स्वतःशी केलेला निश्चय. क्षयाने चोविसाव्या वर्षी गेलेल्या या तरुणीला १९९७ मध्ये चर्चने धर्मपंडिताचा मान दिला.

महाराष्ट्रात या कल्पनेची खरी परीक्षा सोवळ्याच्याच उंबरठ्यावर झाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा मार्ग मात्र वेगळा आणि सावकाश होता. पतीच्या धर्मांतरानंतरही त्या आपले सोवळेओवळे पाळत राहिल्या. ते सुटण्याची कहाणी 'स्मृतिचित्रे'त आहे आणि ती धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा बोलकी आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जातिभेद त्यांनी आधी टाकला. १९०० मधील बाप्तिस्मा त्यानंतरचा. माणसामाणसांतील भिंत पाडणे हे त्यांच्या बाबतीत श्रद्धेचे फळ नव्हते, तर श्रद्धेचे दार होते.

सगळ्यांच्या बाबतीत असे घडले नाही. धर्म बदलला तरी जात चर्चच्या आवारात शिरली. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे म्हटले. ज्या संस्थेला पावित्र्याची शिकवण द्यायची आहे, तिला आपल्याच घराविषयी असे लिहावे लागते, यात या शब्दाचे सगळे वजन आले. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीनुसार भिंत उभी राहिली. २ नोव्हेंबरला मेणबत्त्या तिथेही लागतात, भिंतीच्या दोन्ही बाजूंना.